मोहल्ल्याची विहीर

माझे सासरे आणि त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी दीक्षा घेतल्यावर ही विहीर खणली. त्याआधी आमच्या बायका गावच्या विहिरीपाशी घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून उभ्या राहायच्या. म्हणून दर बुद्ध पौर्णिमेआधी सगळा मोहल्ला मिळून विहिरीतला गाळ काढायचा आणि तिच्याच पाण्यात खीर शिजायची. गाळ काढायला पहिला माझा नवरा उतरायचा. तो मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, पंपावर होता. अंधाराची त्याला सवय.

त्याने खाणीतून उपसलेलं पाणी वर नाल्याला जायचं. भर उन्हाळ्यात नाला वाहतो म्हणून लोक खूश. काठाने उन्हाळी धान लागलं. माझ्या माणसाच्या जिवावर तुमची शेतं हिरवी आहेत, असं मी तुमसरच्या बाजारातही मिरवायची. विहीर मात्र दरसाल खाली चालली होती आणि आम्ही तिला खोल करत होतो. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे वाहत्या नाल्याकडे बघून कोणाला सुचणार?

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात तो विहिरीतून कोरड्या पायांनी वर आला. घरी आल्यावर मला म्हणाला, "आपल्या विहिरीचं पानी मीच उपसून राहिलो."

"मंग नोकरी सोडता का?"

"मी सोडली तं दुसरा पंप चालवन."

खरंच होतं ते. त्या साली खीर टँकरच्या पाण्यात शिजली. त्याने खाल्ली नाही.

पुढे घरोघरी नळ आले. गरज सरो, वैद्य मरो. विहिरीवर कोणी फिरकेना. बायकांच्या गप्पा, भांडणं, सगळं आपापल्या दारात आटलं. नवरा गेला, मुलगा नागपूरला. दिवसचे दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही. भांडायलाही कोणी नाही, याचा मला जास्त राग येतो.

परवा ग्रामसभेत विषय निघाला, जनावर पडेल म्हणून विहीर बुजवायची. नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले. माझा एकटीचाच वर गेला. बाजूला बसलेल्या शेजारणीने तो हळूच खाली ओढला.

"राहू द्या वो मावशी. पानीच नाही तं कायले भांडता?"

तिने माझा हात धरूनच ठेवला. कितीतरी दिवसांनी कोणी माझा हात धरला होता. ठराव मंजूर झाला, तरी मी तो सोडवून घेतला नाही.