एकाच नंबरचे अर्ज

धम्मदीप, तुझ्या शोकसभेत तुझे साहेब बोलले ते ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणे, "बडे मिलनसार थे." तू कसला मिलनसार! राजधानीतल्या ह्या लक्ष्मीबाई नगरात इतकी वर्षं माझ्या खालच्या मजल्यावर राहिलास, आणि जिन्यात भेटलास की "काय काकू, बरं ना?" एवढंच. तोंड उघडायचास ते ऑफिसच्या विषयावर.

ऑफिस जमिनीच्या नोंदींचं, तुझं काम नकला देण्याचं. परीक्षा देऊन भंडाऱ्याहून आलास तेव्हा वाटलं असेल, लोकांना त्यांचे कागद देऊ. लोक कुठले? खिडकीवर दलालांची माणसं अर्जांचे गठ्ठे घेऊन उभी. कुठल्या गल्लीत कोणाचं घर कच्च्या कागदांवर आहे ते शोधायचं आणि ती माहिती बिल्डरला विकायची. ज्याचं घर, तो बिचारा रांगेत मागे.

"काकू, सरकारी दफ्तर म्हणजे ह्यांचं गोदाम झालंय."

"मग कुलूप लाव."

"कुलूप कसं लावू? नोंदी सगळ्यांच्याच आहेत."

म्हणून तू नियम सुचवलास. धंद्यासाठी नकला मागणाऱ्यांची रांग वेगळी, फी जास्त. सामान्य माणूस आधी. धंदेवाला ओळखायचा कसा? एकाच मोबाइल नंबरचे बरेच अर्ज आले की तो दलाल. साहेबांनी सही केली. त्या संध्याकाळी तू माझ्याकडे बसून दोनदा चहा मागून घेतलास.

दलालांचं काय, त्यांनी नवी सिमकार्डं घेतली. अडकली कमलाबाई.

फौजीची विधवा. वस्तीतल्या एका खोलीत डबे करून पोट भरणारी. वस्ती पाडायची नोटीस आली. खोली तिच्या नावावर दिल्याच्या नोंदीची नक्कल सुनावणीत दाखवली, तरच दुसरीकडे घर मिळणार होतं. तिच्याकडे फोन नव्हता. फाटकाबाहेर बसणारा अर्जलेखक बिनफोनच्या सगळ्यांच्या अर्जांवर स्वतःचाच नंबर घालायचा, तसाच तिच्याही घातला. झालं, नियमाप्रमाणे बाई दलाल ठरली.

ती खिडकीशी येऊन म्हणाली, "माझ्या तोंडाकडे बघ की रे बाबा. मी बिल्डर दिसते का?"

तू म्हणालास, "मावशी, तोंड बघूनच कामं करायची असती तर नियम कशाला केला असता?"

हे तूच मला सांगितलंस, मान खाली घालून. तोंड बघून कामं करणाऱ्यांशी भांडण्यातच तुझी सगळी नोकरी खर्ची पडली होती, हे मला ठाऊक होतं. तिला कसं ठाऊक असणार?

नक्कल निघाली तोवर सुनावणी आटोपली होती. खोली पडली, आणि बाई पानिपतला मुलाकडे गेली. फोन नंबरचं ते कलम तू भांडून काढायला लावलंस. पण त्यानंतर जिन्यात "बरं ना" म्हणणंही बंद झालं.

मग एकदा वर आलास. "काकू, नक्कल तिला नेऊन देतो."

"आता त्या कागदाचं लोणचं घालायचं का तिनं?"

"कागद राहू दे. चूक माझी होती, हे तिला सांगायचंय. एकट्याला जमणार नाही. तुम्ही चला."

"येते. पण बोलायचं तू. मी दारात गप्प उभी राहीन."

"तुम्ही? गप्प?" कित्येक महिन्यांनी हसलास रे.

आधी धुक्यामुळे थांबलो. मग तुझं ऑडिट आलं. मग छातीत कळ आली, आणि तू गेलासच.

पानिपत काही लांब नाही. सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी घरी. तिला मात्र अजून वाटत असेल, त्या खिडकीत दगड बसला होता.