धाम नदीचा धोंड्या आणि सासूबाईंचं लुगडं

"पवनारले लोक आश्रम पाहाले जातेत अन् तुमी साप पाहाले?" बायकोने डब्यात दशम्या भरता भरता विचारलं.

चूक माझीच. माझे मित्र वसंत मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि सर्पमित्र झाले. "माघात धाम नदीकाठी धोंड्या बघायला चला," असं ते चार वर्षं म्हणत होते, आणि दर वेळी मी दुकान पुढे करत होतो. पाइप, दोरखंड, जाळ्या विकतो मी. सायकलवर सुतळी विकण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे सुटी घेतली की अपराधी वाटतं. यंदा मुलगा म्हणाला, "जा बाबा, गिऱ्हाइकं मलाही ओळखतात." हे जरा लागलंच. निघालो.

नाचणगावहून सकाळी लवकर निघून पुलगावला वर्ध्याची एसटी पकडावी. वर्ध्याला स्टँडबाहेर तर्री-पोहे खावेत, तर्रीचा झणझणीत रस्सा वेगळा मागावा. तिथून पवनारला बस मिळते, शेअर ऑटोही मिळतो. मास्तर पुलाजवळ उभेच होते.

धोंड्या म्हणजे पुस्तकातला दिवड किंवा विरोळा. गोड्या पाण्यातला, बिनविषारी. पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, आणि डोळ्याखालून काजळ ओघळल्यासारख्या दोन तिरप्या रेघा. बेडूक, मासे खातो. उन्हात नदीकाठच्या दगडावर एक पसरलेला दिसला. आमची चाहूल लागली तसा पाण्यात सटकला, नुसतं डोकं वर ठेवून आमच्याकडे बघत राहिला. उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघतात तसा.

"झालं ना दर्शन?" मी म्हटलं. "चला, जेवू."

तेवढ्यात शेजारच्या वांग्याच्या वाडीतून हाक आली. "मास्तर! या ना लवकर!"

शोभाताईंची वाडी ती. नवरा सेवाग्रामला नोकरीला, शेती ताई आणि त्यांचे सासरे आबाजी बघतात. बांधावर आबाजी एका हातात काठी धरून उभे, आणि दुसरा हात कपाळाला. समोर कुंपणाच्या जाळीत एक धोंड्या गळ्यापासून पोटापर्यंत आवळून अडकलेला. मान चपटी करून फूत्कारत होता.

"आबाजी, मारता का नमस्कार करता?" मास्तरांनी विचारलं.

"फना काढून राह्यला ना बापा! नाग असन तं हात जोडतो, धोंड्या असन तं हानतो. तुमी सांगा पयले."

"धोंड्याच हाय. भेव दाखवून राह्यला तुमाले. अन् थांबा, मादी हाय. पोट पाहा. अंडी घालाले बीळ पाहात आली असन."

आबाजींची काठी खाली आली. मास्तर नखं कापायची कात्री काढून बसले, तशा शोभाताई मध्ये आल्या.

"कापू नका मास्तर! काल राती पलीकडच्या वावरात डुकरं घुसले. वांगे तोडाले आले हायेत माहे. साप तुमी वाचवान, वांगं कोन वाचवन?"

आता मी जाळीकडे नीट पाहिलं. मासे धरायची तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची बारीक जाळी, कुंपणाला लावलेली. 'एका जाळीत दोन कामं' म्हणत मी अख्ख्या तालुक्याला हीच विकतो. डुक्कर अडतं, हे खरं. साप डोकं घालतो, पुढे जातो, आणि खवल्यांमुळे मागे येत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"कापा मास्तर," मी म्हटलं. "ताई, जाळी मी देतो नवी."

"नवी लावून काय? उद्या दुसरा अडकन." ताई घराकडे वळल्या. "मास्तर, कापा. आबाजी, खुट्या ठोका. मी आली."

मास्तर एकेक फास कापत गेले. शेवटच्या फासाला धोंड्याने त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. "आभार मानून राह्यली," म्हणत त्यांनी अंगठा साबणाने धुतला. (वाचकहो, हा प्रयोग तुम्ही करू नका. हा साप कायद्याने संरक्षित आहे, सर्पमित्राला बोलवा. आणि साप ओळखला नसेल तर चावल्यावर थेट दवाखाना.) मादी पाटाच्या पाण्यात उतरली आणि गवतात दिसेनाशी झाली.

ताई दोन जुनी लुगडी घेऊन आल्या. आमच्या भागात डुकरांना बिचकवायला शेताभोवती लुगडी बांधतातच. ताईंनी ती खाली, जमिनीलगत हातभर उंचीची ताणली आणि जाळी त्यांच्या वर घेतली. साप कापडाला आपटेल, कडेने सरकत निघून जाईल.

"हे तं तुह्या सासूचं हिरवं लुगडं!" आबाजी ओरडले.

"त्या बाजारातून येवाच्या आधी बांधा मंग."

दोन तास चौघांनी कुंपण बांधलं, मग बांधावर भाकरी, भरली वांगी आणि बायकोच्या दशम्या. इतकी चवदार वांगी मी विकत घेऊन कधी खाल्ली नाहीत.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. तंगूसची जाळी मी फक्त मासेमारांना देतो. कुंपणासाठी मागणाऱ्याला दुसरी जाळी आणि तिच्याखाली लुगड्याची जोड सांगतो. काही हसतात, काही दुसऱ्या दुकानात जातात. मुलगा कुरकुरतो.

काल ताईंचा फोन आला. डुकरांचे ठसे बाहेरून फिरून गेले, वांगी शाबूत. मादीने पाटाजवळच्या उंदराच्या बिळात अंडी घातली आणि तिथेच राखण करत बसलीय.

"अन् आबाजी?" मी विचारलं.

"ते बिळाच्या अलीकडं खाट टाकून बसले हायेत. येनाऱ्या-जानाऱ्याले म्हनतेत, हळू बोला, बाळंतीण हाय."