यादीवाले काका

"घाई कसली रे तुका? गाडी काय पळान जातली?" असं म्हणून माझ्या जोडीला कामावर असलेले काका खिशातलं पेन काढून दोनदा झटकायचे, आणि माझं डोकं फिरायचं. अहो, आमचा धंदाच पळणाऱ्या गाड्यांचा! हप्ते थकले की फायनान्स कंपनीच्या वतीने गाडी उचलून आणायची. आधी पोलीस ठाण्यात कळवायचं, मालकाला कागद दाखवायचे, गाडीतल्या सामानाची यादी करून त्याची सही घ्यायची, मग चावी. बाकीचे यादीत 'किरकोळ सामान' लिहून मोकळे होतात. काका लिहीत, 'लिंबू एक, मिरच्या सात.'

"काका, मिरच्या कोण मोजतं?"

"जेच्यो आसत, तो मोजता."

आता तुम्हीच सांगा, भोवती पंचवीस माणसं जमलीत, कोण कधी हात टाकेल नेम नाही, आणि हा माणूस सीटखालचा फडका उलगडून बघतोय! दोनदा मी मार खाता खाता वाचलो.

भांडुपला एक रिक्षा उचलायची होती. तीन हप्ते थकलेले. ऑफिसने बजावलं होतं, पाचपर्यंत रिक्षा यार्डात आली नाही तर दोघंही घरी बसा. रिक्षावाला नुसता हँडल धरून उभा. त्याची बायको म्हणाली, "घाटकोपरला भावाकडे जाऊन येते. तासभर थांबा ना दादा."

"थांबता येत नाही," मी म्हटलं. काकांनी पेन झटकलं.

यादी सव्वा तास चालली. मीटर, देवाचा फोटो, पाण्याची बाटली अर्धी भरलेली. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, म्हातारा मुद्दाम वेळ काढतोय! इतकी वर्षं हेच करत आला असणार. इथे माझ्या नोकरीची वाट लागत होती. तणतणत नाक्यावर गेलो, ऑफिसला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

परत आलो तर बाई धापा टाकत उभी. भावाने तिन्ही हप्ते भरले होते, मोबाइलवर पावती होती. रिक्षा वाचली. रिक्षावाला तिथेच रडायला लागला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ऐकून घेतलं, "बरां" म्हणाले, गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात ठेवलं. "उद्यापासून तू एकटोच. जपान ऱ्हव रे, लोकां मारतत."

"बसा काका, स्टेशनला सोडतो," रिक्षावाला म्हणाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"नको. बायकोक घेवन घराक जा."

ते चालायला लागले. फोन मीच केला होता, हे सांगायला मी मागे धावलो. "काका!"

ते वळले. "काय रे?"

"काही नाही," मी म्हटलं. "सावकाश जा."