दरदरून सुटलेला घाम

ती सकाळ आठवली की आजही माझे कान तापतात. नव्वदच्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. तासगाव भागात एका शेतकऱ्याच्या काढणीला आलेल्या द्राक्षबागेतल्या चार ओळी कुणीतरी बुंध्यातून कापल्या. त्याचा चुलतभाऊ, गावातला कापड दुकानदार, आपणहून खबर घेऊन आला. "सायेब, थोरल्या भावाचंच काम हाय. धाकट्याची बाग बघून लय जळतोय त्यो."

शेतकऱ्याचा हा थोरला भाऊ फौजेतून निवृत्त झालेला. न्याहरीच्या वेळीच त्याला घरून आणला. समोर बसवला आणि थोड्याच वेळात त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. नाव विचारलं तर अंगावर ओरडला. गुन्हेगाराचं अंग आधी बोलतं, असं मी नवख्यांना ठासून सांगत असे. मी आवाज आणखी चढवला.

ठाण्यात एक नवा फौजदार होता, कॉलेजात मानसशास्त्र शिकलेला. वरिष्ठ त्याचं कौतुक करत. मला ते बघवत नसे, आता कशाला लपवू? तो हळूच म्हणाला, "साहेब, यांनी काही खाल्लंय का?"

"तुमचं पुस्तक घरी ठेवा," मी खेकसलो.

तो सरळ बाहेर व्हरांड्यात थोरल्याच्या बायकोकडे गेला. ती म्हणाली, "आवं, मधुमेहाची सुई टोचून न्याहरीला बसलं हुतं, तवर तुमची गाडी आली." फौजदाराने मला न विचारताच त्याला साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत घाम आटला. थोरला शांतपणे म्हणाला, "जळतो मी, व्हय. पर येली न्हाई तोडल्या. त्या लावाय मीबी हुतो."

चुलतभाऊ सकाळपासून बाकावर निवांत बसून होता. फौजदाराने त्याचे तळहात उलटून बघितले. कापड मोजणाऱ्या मऊ हातांवर ताजे फोड होते. करवत दुकानाच्या माळ्यावर सापडली. धाकट्याचं नवं घर त्याच्या दुकानाहून उंच चाललं होतं, तेवढंच त्याला सलत होतं.

नंतर बोलावलेले डॉक्टर म्हणाले, सुई घेऊन उपाशी राहिल्याने त्याची साखर उतरली होती; आणखी उशीर झाला असता तर थोरला हाती लागला नसता. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात घामाचं आणि फोडांचं ते निरीक्षण मी माझ्या नावावर लिहिलं. बक्षीसही मीच घेतलं.

ठाण्यात बसून लोकांची अंगं वाचण्यात माझी नोकरी गेली. माझ्या पोटात त्या दिवशी जे जळत होतं, त्याला मात्र मी अनुभव म्हणत होतो, आणि त्यापायी एक निरपराध माणूस माझ्यासमोर मेला असता.