हो म्हणणारी चिप

अण्णांनी ऑफिसात कुणाला नाही म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. कुणी काहीही मागो, ते मान डोलावून "सरी" म्हणायचे, म्हणजे कानडीत "बरं". मागणारा खूश होऊन गेला की अण्णा पुन्हा आपल्या कामाला लागत, आणि मागितलेलं काम जन्मात व्हायचं नाही. मी पुण्याहून नवीन आले तेव्हा मला वाटलं, माणूस विसराळू आहे. पुढे कळलं, अण्णांना सगळं नीट आठवत असतं, म्हणूनच ते काम होत नाही.

ते राजाजीनगरचे. घराणं मराठी, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी मला अक्का म्हणत. आपलं मराठी जुनं आणि अस्सल, पुण्याचं नंतर बिघडलेलं, असं त्यांचं ठाम मत होतं.

महादेवपुऱ्याच्या काचेच्या इमारतीत आम्ही दुधातली फॅट मोजणारी यंत्रं बनवायचो. प्रत्येक यंत्रात नखाएवढी एक चिप असते. वीज गेली तरी ती विसरत नाही. मोजमापाचे मूळ आकडे तिच्यातच असतात. तिच्यापर्यंत जायचं तर कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून जावं लागतं, आणि तिथला दरवाजा अण्णांनी लिहिलेला. चिपमध्ये जागा जेमतेम, पण एचआरला तिथे कंपनीची मूल्यं हवी होती, मार्केटिंगला लोगो. अण्णांनी सगळ्यांना सरी म्हटलं होतं.

मोजमापाच्या त्या आकड्यांच्या अण्णांनी चिपमध्ये दोन प्रती ठेवल्या होत्या. एकदा ते मला आनेकलच्या दूध केंद्रावर घेऊन गेले. लक्ष्मक्का नावाची बाई किटली घेऊन रांगेत उभी होती. तिचं दूध ओतलं, यंत्रावर फॅट उमटली, तिनं मुकाट्यानं मान हलवली. "जुन्या चिपमधला एखादा आकडा बिघडतो बघ," अण्णा म्हणाले. "मग हिचं दूध पाणी ठरतं. यंत्रापुढं हिचं कोण ऐकणार? दुसरी प्रत हिच्यासाठी आहे."

मग नवे व्हाइस प्रेसिडेंट आले. आपण रचलेलं घोषवाक्य, खाली आपल्या नावासकट, गावोगावच्या प्रत्येक यंत्राच्या चिपमध्ये कायमचं राहावं असं त्यांना वाटलं. ते कुणाला दिसणार नव्हतं, पण देवळाच्या पायरीवर नाव कोरणाऱ्यालाही त्याची फिकीर नसते. जागा नाही असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला? दुसरीवर लिहा. मुहूर्त ठरला अण्णांच्या निवृत्तीचा.

अण्णा म्हणाले, "सरी." आणि या वेळी त्यांनी खरोखरच कर्नलचा दरवाजा उघडून दिला. मला इतका राग आला की मी सगळ्यांदेखत विचारलं, लक्ष्मक्काचं काय? ते म्हणाले, "स्वल्प थांब की, अक्का."

पडद्यावर एकेका यंत्राकडून उत्तर येत गेलं: झालं, झालं, झालं. टाळ्या वाजल्या, केक कापला. अण्णा सगळ्यांशी हात मिळवून निघाले. मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून माझ्या टेबलावरच्या यंत्राची चिप वाचून पाहिली. घोषवाक्याचा पत्ता नव्हता. दोन्ही प्रती जशाच्या तशा. बोर्ड उलटा केला तर चिपच्या एका पायाला बारीक तार जोडलेली. तो पाय विजेला जोडला की ही चिप लिहायला येणाऱ्याला हो म्हणते आणि अक्षरही लिहीत नाही. आकडे एकदा भरले की कारखान्यातच ती तार जोडायची, अशी अण्णांची पद्धत होती. मी त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तीही सरी म्हणते, अक्का. आमच्याच घरची ती."

त्या चिपमध्ये खरंच काय आहे हे पुढे कुणी वाचून पाहिलं नाही. आमच्याकडे लिहिल्याचा सोहळा होतो, वाचायला कुणाला वेळ नसतो. साहेब त्याच घोषवाक्याच्या बळावर मोठ्या कंपनीत गेले.

अण्णा गेल्या वर्षी वारले. परवा बैठकीत ठरलं की नव्या बोर्डावर ती तार नको, तेवढाच खर्च वाचेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अण्णांच्या जागी आता मी बसते. मला त्यांची आठवण आली. मी मान डोलावली आणि म्हणाले, "सरी."

तार आहे तिथेच आहे.