खोली गरीब पाहिजे

सिनेमातल्या गरिबाच्या घरात कॅमेरा शिरला, की काकी हातातलं लाटणं टीव्हीकडे रोखायची आणि म्हणायची, "गरिबाक काय साबण मिळना नाय?"

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर तिने पोळीभाजीचे डबे करून लेकीला शिकवलं. टीव्ही दाराकडे तोंड करून ठेवलेला, त्यामुळे तिच्या उंबऱ्यात बसून मी बरेच सिनेमे पाहिले. खरं तर सिनेमापेक्षा काकीलाच जास्त पाहिलं. नायिका मेली तरी तिचं पोळ्या लाटणं थांबत नसे. पण पडद्यावरच्या गरीब आईचा टोप काळाकुट्ट दिसला, की तिचा जीव खालीवर व्हायचा. तिच्या फळीवरची भांडी तुम्ही पाहायला हवी होती. त्यांत बघून भांग पाडता आला असता.

श्रीमंतांनाही ती सोडत नसे. "घरात एवढो मोठो जिनो कित्याक? वर कोण रवता?" असं विचारायची. मी समजावायचो, की काकी, गरीब कोण आणि श्रीमंत कोण हे लोकांना पटकन कळायला हवं ना. "मग दारार पाटी लावा," ती म्हणायची. "घर कित्याक खराब करतास?"

पुढे लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्या ऑफिसातलाच, घर शिवाजी पार्कचं. विहीणबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्म्यातून बघणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. साखरपुडा दादरच्या हॉलमध्ये झाला. मुलाला कंपनीने परदेशी पाठवल्यामुळे लग्न वर्षभर पुढे गेलं. विहीणबाईंनी काकीची खोली पाहिली नव्हती. रंग काढते आणि मग बोलावते, असं काकीचं चाललं होतं.

नेमकं तेव्हाच आमच्या चाळीत शूटिंग करायचं ठरलं आणि सिनेमावाल्यांना काकीचीच कोपऱ्यातली खोली आवडली. काकी हरखून गेली. तिने तातडीने भिंतींना रंग काढला, नवे पडदे लावले, पितळी डबे चिंचेने घासले. मग विहीणबाईंना स्वतः फोन केला. आमचं घर सिनेमात येणार आहे, तुम्ही नक्की बघा.

शूटिंगच्या सकाळी सेट लावणारा माणूस आला. खोली बघून त्याचा चेहरा पडला.

"काकी, खोली मस्त आहे. पण आपल्याला गरीब पाहिजे."

"गरीबच आसंव आमी," काकी म्हणाली. "आनी काय व्हया?"

त्याने स्पंजने भिंतीवर काळपट रंग थोपटला. फळीवर पोचे आलेली भांडी मांडली, पडदे काढून चिंध्या टांगल्या. धुतलं की जातं, असं वर सांगितलं. काकी गॅलरीत उभी राहून सगळं बघत होती.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले. परत येऊन बघतात, तर खाटेमागची भिंत हात पोचेल तिथपर्यंत स्वच्छ पुसलेली. सकाळचा आणि दुपारचा सीन जुळतोय की नाही हे बघणारी मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "काकी, ये क्या किया? जेवणाआधी हिरोच्या आईमागे भिंत काळी होती."

"बाये, तुझ्या हिरोची आई आजारी आसा," काकी म्हणाली. "आजारी माणसाच्या उशाशी कोण घाण ठेवता?"

मुलीने भिंत पुन्हा काळी करून घेतली.

संध्याकाळी काकी माझ्याकडे येऊन बसली. विहीणबाई हे बघतील, असल्या घरातली मुलगी केली म्हणून मनात काहीतरी धरतील आणि ते लेकीला जन्मभर सोसावं लागेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "आधीच सांगून टाक ना, रंग फासला होता म्हणून."

"आता सांगलंय तर खोटां वाटतला रे."

खोली धुऊन पुन्हा लखलखीत झाली, पण विहीणबाईंना बोलवायचं नाव तिने काढलं नाही.

लग्नाच्या महिनाभर आधी सिनेमा लागला. विहीणबाईंनीच सगळ्यांची तिकिटं काढली, माझंसुद्धा. मॉलमधल्या थंडगार थिएटरात काकी विहीणबाईंच्या आणि माझ्या मध्ये बसली होती. पडद्यावर ती खोली आली. काळी भिंत, चिंध्या, खाटेवर खोकणारी आई.

विहीणबाई वाकून म्हणाल्या, "हे कुठलं हो? तुमचं घर कधी येणार?"

गप्प बसली असती तर सुटली असती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, काकी, आता बोलू नकोस.

"माझंच घर ते," काकी म्हणाली. "आमची भिंत काळी नाही हो. सिनेमावाल्यांनी केली."

पडद्यावर हिरो आता श्रीमंत नायिकेच्या घरी गेला होता. जिन्यावर रेशमी साडीतली तिची आई उभी होती, चष्म्यावरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. मध्यंतर झालं. दिवे लागले तेव्हा विहीणबाईंचा चेहरा उतरला होता.

"मी तुम्हाला त्या बाईसारखी वाटते का हो?" त्यांनी विचारलं. "वर्ष होत आलं, तुम्ही एकदाही घरी बोलावलं नाही. सिनेमात चष्मेवाली सासू कधी भली दाखवतात का? म्हटलं, तुम्हीही मला तशीच धरून बसला असाल."

काकी बघतच राहिली. "अगो बाय," ती म्हणाली, "तुमच्या घरात जिनाच नाही."

विहीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "उद्या येते मी," म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं. काकीने एक लांब श्वास सोडला, पदर गुंडाळून घेतला आणि उरलेला सिनेमाभर चक्क झोपली.

आता चाळ पाडून नवी इमारत बांधतायत. काकी लेकीच्या जवळ भाड्याने राहते. मध्यंतरी मी शिवाजी पार्कला गेलो, तेव्हा काकी आणि विहीणबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. विहीणबाईंच्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, "तो सिनेमा पाहिला आम्ही. ह्यांचंच घर ना ते? बाई गं, कसे दिवस काढले असतील."

काकीने तोंड उघडलं होतं, पण विहीणबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. "छे हो, तो काळा रंग होता," त्या म्हणाल्या. "मी चहा प्यायलेय त्या घरात. अशी भांडी माझ्याकडेही नाहीत."

काकी मान खाली घालून शेंगा सोलत होती आणि दाणे विहीणबाईंच्या हातावर ठेवत होती.