पहारेकऱ्याचं जेवण

"मॅडम, हा प्याला मी उचलणार न्हाई," शिवराज म्हणाला आणि लातूरच्या हॉलमधली आमची रिहर्सल तिथेच थांबली.

प्याल्यात कोकम सरबत होतं. पण नाटकात ती दारू होती, आणि शिवराज लिंगायत, गळ्यात इष्टलिंग; दारू वर्ज्य. लातूरजवळच्या मुरुडला त्याचं किराणा दुकान. तिथल्या भजनी मंडळात त्याचे वडील, म्हणजे अप्पा, पुढे बसतात. त्यांनी बजावलं होतं, स्टेजवर प्याला ओठाला लागला तर नाटकही बंद आणि भजनातलं गाणंही बंद.

आम्ही बसवत होतो ती कॉमिक ऑपेरा. म्हणजे हसवणारं संगीत नाटकच, पण त्यात भांडणंसुद्धा गाऊन करतात. दोनशे वर्षांपूर्वीची युरोपातली गोष्ट. एक मुलगी परक्या सरदाराच्या कैदेत आहे. तिचा प्रियकर सोडवायला येतो, त्याचा नोकर पहारेकऱ्याला दारू पाजून झोपवतो, आणि सगळे पळता पळता पकडले जातात. शेवटी सरदार त्यांना माफ करतो. मी सरदाराचा किल्लेदार केला, मागे कंधारच्या किल्ल्यासारखा बुरूज रंगवून घेतला, आणि आपलं काम झालं असं समजून बसले.

पण अशा नाटकाचा जीव पहारेकऱ्यात असतो. त्याला बास आवाज लागतो, म्हणजे पुरुषाचा सगळ्यात खालचा आवाज. त्याच्या गाण्याचा शेवट इतका खाली उतरतो की बहुतेकांच्या गळ्यातून तिथे नुसती हवा येते. नांदेड, लातूर, उदगीर पालथं घातलं तेव्हा हा एक शिवराज सापडला. तो गेला असता तर प्रयोगही गेला असता. मी प्याल्याऐवजी तांब्या सुचवला, दूध सुचवलं. त्याने नकाराची मान हलवली; काहीही ओतलं तरी नाटकात ती दारूच होती. खरं तर मला राग आला होता. पण हा माणूस अडून बसला नव्हता, माझ्याइतकाच तोही वाट शोधत होता.

मग तोच हळूच म्हणाला, "दारू कशाला लागती, मॅडम? आमच्याकडं पाव्हण्याला आडवं पाडायचं असलं तर जेवाय घालतेत."

नोकराचं काम करणारा गजानन कंधारकडच्या शेतकरी घरातला, आग्रह करण्यात पटाईत. त्याने लगेच रिकामं ताट मांडून सूर लावला. एक वाढतोय, दुसरा नको म्हणतोय, आणि दोघंही गाताहेत. दारूच्या सीनपेक्षा हा सीन कितीतरी खरा होता. अप्पांनीही निरोप धाडला की जेवणाला हरकत नाही, प्रयोगाला येतो.

प्रयोगाच्या दिवशी गजाननच्या आईने पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. खोटं काय वाढायचं, असं त्या माउलीचं म्हणणं. प्रॉपर्टीवाल्याने, म्हणजे स्टेजवरच्या वस्तू सांभाळणाऱ्याने, डबा तसाच आत नेऊन ठेवला. मला कळलं ते विंगेतून पाहताना.

ठरलं होतं की शिवराजने दोन खोटे घास घ्यायचे, गाण्याची शेवटची ओळ म्हणायची आणि ताट सरकवून आडवं व्हायचं. पण आता ताटात खरी पोळी होती, वर तूप होतं. शिवराजच्या घरात अन्न म्हणजे प्रसाद, ताटात कण टाकायचा नाही. तो खात राहिला. प्रेक्षक हसले, मागून कोणीतरी ओरडलं, "अजून एक वाढा की!" गजाननच्या अंगात वारं संचारलं. त्याने दुसरी वाढली, मग तिसरी. मी विंगेतून हातवारे करत होते, पण आपल्याकडच्या वाढप्याला विंगेतलं काही दिसत नसतं. पेटीवाला बिचारा तीच ओळ फिरवून फिरवून वाजवत होता.

हसू मला एकटीला येत नव्हतं. पोट भरलं की श्वासाला खाली उतरायला जागा राहत नाही, आणि खालचा सूर तर श्वासावरच उभा असतो. तो फाटला तर पहारेकऱ्याचं हसं होणार होतं, आणि पहिल्या रांगेत अप्पा बसले होते.

शेवटचा घास संपला. शिवराजने ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. आमच्या नाटकात हे कुठेच नव्हतं. मग त्याने डोळे मिटले आणि सूर लावला.

तो सूर खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तिथे जाऊन ठाम बसला. जरासुद्धा हलला नाही. इतक्या वर्षांच्या नाटकात मी असं गाणं ऐकलं नव्हतं, तेही तीन पुरणपोळ्यांवर. सूर संपवून तो आडवा झाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे त्याने उठून पळणाऱ्यांना पकडलंही वेळेवर.

प्रयोगानंतर अप्पा आत आले. मुलाच्या गाण्याबद्दल काहीतरी बोलतील म्हणून सगळे गोळा झालो. शिवराज खाली मान घालून उभा होता. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

"ताटात काई टाकलं न्हाई पोरानं," ते मला म्हणाले. "सोमवारी भजनाला तुमीबी या."

मी गेले. शिवराज अप्पांच्या शेजारी, पुढे बसून गात होता.

नाटकाचे पुढेही प्रयोग झाले. स्टेजवर खरं अन्न मी अजूनही ठेवते. फक्त डबा माझ्या हातात असतो, आणि गजाननच्या हातात एकच पोळी.